खिशातला प्लग

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या थोरल्या भावाची एक खोड होती. यंत्राचं झाकण उघडायचं, तर आधी भिंतीतला प्लग काढायचा आणि तो सरळ शर्टाच्या खिशात खोचायचा. म्हणजे आपला हात आत असताना कुणी चुकून यंत्र चालू करायची भीतीच नको. लोक हसायचे, "काय हो, पळून जाईल म्हणून बांधून ठेवलंय का?" पण हा पठ्ठ्या प्लग बायकोच्याही हाती द्यायचा नाही. एवढा जपणारा माणूस, आणि गेला तो शॉक लागूनच. आता बोला!

ज्यात हात घातलेला असताना तो गेला, तेच घरातलं जुनं यंत्र आज दुपारी धाकट्यापुढे उघडं पडलं होतं. मेमरी वाढवायची दोन कार्डं थोरल्यानं बसवायला घेतली होती, ती तशीच राहिली होती. भावाचं अर्धवट काम पुरं करायचं, एवढंच धाकट्याच्या मनात होतं. वहिनींना मात्र तो डोळ्यांसमोर नको होता.

"या डबड्यानं माझा संसार गिळला, भावजी. भंगारात घाला ते, आणि तुम्हीही वाट धरा."

"एवढी कार्डं बसवतो, वहिनी. मग जातो."

पहिलं कार्ड खाचेत बसलं. जळक्या धुळीचा वास आला. दुसऱ्यासाठी तो वाकला, तशी वायर ताणली आणि भावासारखाच त्यानंही खिशात खोचलेला प्लग निसटायला लागला. वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या. आवाज एकदम मऊ.

"द्या इकडे. मी धरते."

चला, राग निवळला म्हणायचा! त्याला बरं वाटलं. त्यानं प्लग देऊन टाकला.

दुसरं कार्ड आत गेलं. खट्. आणि समोरचा पडदा उजळला.

वीज गेली की अशा कार्डात काही म्हणजे काही उरत नाही, हे धाकट्याला पक्कं ठाऊक होतं. तरी अक्षरं उमटत होती. एकेक करून, थोरला टाइप करायचा तशी, संथ.

'मीही तिलाच दिला होता.'

"भावजी…" मागून वहिनींचा घोगरा आवाज आला. "हे चालू कसं झालं? मी तर अजून प्लग लावलाच नाही…"

अजून!

त्यानं मान वळवली. वहिनी भिंतीपाशी होत्या, प्लग बोर्डाच्या अगदी तोंडाशी धरलेला. पडद्यावर पुढची ओळ आली.

'हात काढ. आता लावू दे तिला.'

ओरडावं, थांबा म्हणावं, असं त्याला वाटलं. मग भावाचा चेहरा आठवला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं हात अलगद बाहेर काढला आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

वहिनींनी प्लग बोर्डात दाबला आणि खोलीभर निळा उजेड पडला. वहिनींना किंचाळायलाही वेळ मिळाला नाही.

शेजारी धावत आले. "आधी प्लग काढा!" कुणीतरी ओरडलं. सगळे भिंतीकडे वळले. बोर्ड रिकामा होता.

छातीला काहीतरी गरम लागत होतं, म्हणून धाकट्यानं खाली पाहिलं. प्लग त्याच्या खिशात होता.