धरलेलं स्टेअरिंग

चार वर्षं उभ्या गाडीचं स्टेअरिंग जड होणारच, त्यात काय नवल, असं मनाशी म्हणत दादासो मिस्त्री विट्याजवळच्या त्या मळ्यात पोचला. घरात दोघीच, हरणाबाई आणि तिची सून माया. हरणाबाईचा मुलगा, मायाचा नवरा मानसिंग दक्षिणेत सोन्याची गलाई करायचा, तेजाबात सोनं शुद्ध करायचा. यात्रेला आला की गाडी बाहेर काढायचा, दादासोकडून तपासून घ्यायचा, पण स्टेअरिंगला दुसऱ्या कुणाला बसू द्यायचा नाही. चार वर्षांपूर्वी तो तिकडंच वारला. आता म्हातारीचं डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून दोनदा कराड, आणि एसटीत चढायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. माया क्लासला जाऊन गाडी शिकली, पण या गाडीचं स्टेअरिंग तिला वीतभरही फिरेना.

शेडमध्ये भर दुपारी अंधार होता. उंदरांचा आणि कुजक्या रबराचा वास सुटला होता. दादासोनं टायरांत हवा भरली, काळं पडलेलं ऑइल बदललं, पट्टा नवा घातला. इंजिन सुरू झालं, स्टेअरिंग ढिम्म. मग त्यानं पुढची चाकं जॅकवर उचलली. चाकं अधांतरी असली की स्टेअरिंग जरा ओढलं तरी फिरतं, हा त्याचा तीस वर्षांचा अनुभव. त्यानं बाहेर उभं राहूनच दोन्ही हातांनी ओढलं. स्टेअरिंग थोडं आलं... आणि हळूच माघारी गेलं.

नाकाला तेजाबाचा वास झोंबला. गलाईवाल्या मानसिंगच्या कपड्यांना यायचा, तोच.

"मिस्त्री, मलाबी असंच लागतंय..." दारातून माया हळूच म्हणाली. "कुनीतरी धरल्यागत."

दादासोला पळून जावंसं वाटलं. पण पाय सुजलेली हरणाबाई ओट्यावर बसून इकडंच बघत होती. उद्याच तिला न्यायचं होतं. ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडं न बघता तो पुटपुटला, "मानसिंगराव, आईला दवाखान्यात न्यायचंय. या गाडीला सोडा... धरायचंच आसंल, तर मला धरा."

स्टेअरिंग एका बोटानं फिरलं.

जॅक काढल्यावर मायानं अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मागं बसलेली हरणाबाई कितीतरी दिवसांनी हसली. दादासोलाही लय बरं वाटलं. चहा घेऊन तो मोटारसायकलवर निघाला.

आपल्या गावाच्या फाट्यावर हँडल वळेना. त्यानं कसाबसा ब्रेक दाबला. पुन्हा तोच वास. माघारी जाऊन शब्द परत घ्यावा, असं एकदा मनात आलं. पण मग उद्या म्हातारी कराडला कशी जाणार? मोटारसायकल तिथंच लावून तो पायी निघाला.

घराची बोळ आली. दारात बायको उभी दिसली. तिनं हाक मारली, त्यानं ओ दिली, पण पाय काही वळेनात. ते सरळ पुढंच चालत राहिले.