पमडोरा कोणी नासवला?

"बाई, माह्या घरात दुश्मन घुसला हाये. तो कोण, तेवढं सांगा," असं म्हणत लीलाबाईंनी पिशवीतून लाल रसाची बाटली काढली आणि मनकर्णाबाईंच्या टेबलावर ठेवली.

किशोरची नजर त्या बाटलीवर गेली ती तिथंच खिळली. सकाळपासून त्याच्या पोटात एका चहाशिवाय काही गेलं नव्हतं, आणि असल्या वेळी त्याला प्रत्येक रहस्य आधी खाण्याजोगं आहे का, हे बघायची खोड होती.

मनकर्णा ठोंबरे पूर्वी विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडायच्या. आता वर्ध्यात त्यांनी स्वतःचं खाजगी तपासाचं ऑफिस थाटलं होतं. किशोर त्यांचा मावसभाऊ. गाडी चालवणं हे त्याचं काम, आणि चुकीच्या माणसावर ठाम संशय घेणं हा त्याचा छंद.

"हे काय हाये?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"पमडोरा."

लीलाबाई हिंगणीच्या. घरची शेती भाजीपाल्याची. त्या नवी नवरी असताना सेवाग्रामला सूत कातायला शिकायला आलेली रोजा नावाची इटालियन बाई एक हिवाळा त्यांच्याकडे राहिली होती. तिनं लीलाबाईंना तिच्या आईचा टमाट्याचा रस्सा शिकवला. टमाटे सोलून मंद आचेवर तासन्‌तास आटवायचे, त्यात लसूण आणि सब्जाची पानं. तिच्या देशातलं तेल इथं कुठून मिळणार? मग जवसाचं घातलं. रोजा गेली, पण रस्सा घरात राहिला, आणि टमाट्याला ती म्हणायची त्या 'पोमोदोरो'चा घरच्यांच्या तोंडी 'पमडोरा' झाला. टमाट्याचा भाव पडला की दर हिवाळ्यात गंजभर, म्हणजे मोठं पातेलंभर, पमडोरा व्हायचा आणि भाकरीशी, भाताशी चार दिवसांत फस्त व्हायचा.

"यंदा मोठ्या सुनेनं, मोहिनीनं, बाटल्यायत भरला," लीलाबाई सांगू लागल्या. "जंगलाजवळच्या रिसॉर्टवाल्यानं मागतला होता. भरल्या, अन् दुसऱ्या दिवशी आमी सारे आष्टीले लग्नाले गेलतो. वापस आलो, चार दिवसांनी पाह्यतो तं एका क्रेटमधल्या साऱ्या बाटल्या फसफसून राह्यल्या! बाकीच्या चांगल्या. घरी लहानी सून रक्षा होती. मोहिनी म्हणते तिनंच केलं."

"घरी रक्षा एकटीच होती?"

"आमचे हे होते, रूपराव. गुडघे दुखतात त्यायचे. पण त्यायचं काय? पाण्याचा पेला बी हातानं घेत नाई. जलमात सयपाकघराचा उंबरठा ओलांडला नाई त्यायनं." लीलाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "आता रविवारी दोन्ही पोरं चूल वेगळी करून राह्यले. माह्या हातचं जेवलेलं घर आता दोन ठिकाणी जेवीन, बाई. रक्षानं केलं नसंन तं तसं सांगा. केलं असंन तं तेबी सांगा."

मनकर्णाबाईंनी बाटली उचलली. झाकण मधोमध फुगलं होतं. त्यांनी ते फिरवून पाहिलं, पण हललं नाही. लीलाबाईंनी पदरानं धरून पाहिलं, तरी नाही. शेवटी किशोरनं ओल्या फडक्यानं धरून दातओठ खाल्ले तेव्हा कुठं ते सुटलं, आणि आतला रस फस्सकन त्याच्या सदऱ्यावर आला. सवयीनं त्याचं बोट तोंडाकडे गेलं, तर मनकर्णाबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली.

"मराचं हाये का?" त्यांनी बाटलीचा नुसता वास घेतला. "आंबट. बाकी कशाचा वास नाई. किशोर, गाडी काढ."

वाटेत किशोरनं गोरसपाकाचा, वर्ध्याच्या त्या खुसखुशीत बिस्किटांचा, पुडा घेतला. लोकांच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही, असं त्याचं तत्त्व होतं. शिवाय पुडा आपल्यासमोरच फुटतो, हाही त्यातला फायदा.

हिंगणीच्या त्या घरात शिरताच दाराशी रचलेल्या नव्या विटा दिसल्या. त्या वेगळ्या चुलीच्या होत्या हे कोणी सांगायची गरज नव्हती. धाकटी सून रक्षा पाणी घेऊन आली. तिनं पेला डाव्या हातानं पुढं केला, कारण उजव्या तळव्याला जाडजूड पट्टी होती.

"काय झालं हाताले?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"रस्सा घोटताना उकळता उडाला. त्याच्यानंच लग्नाले गेली नाई." ती जरा थांबली. "आत्याबाईनं तुमाले बलावलं ना? विचारा. मी त्या बाटल्यायले हात लावला नाई. पण लय राग आला होता, हे खरं हाये. हात भाजला तं कोणी विचारलं नाई. साऱ्यायले बाटल्यायचीच घाई. पह्यली वाटी देवाले काढाची, तेबी राह्यलं. दरवर्षी गंजातून आधी निवद जाते, मंग आमी खातो."

किशोरनं मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. राग होता, घर मोकळं होतं, आणखी काय पाहिजे? बिचारीची दया येत होती, पण तपास म्हणजे तपास.

रक्षाच्या नवऱ्यानं, धनंजयनं, तर मनकर्णाबाईंना बसूही दिलं नाही.

"माह्या बायकोवर आळ घेतला त्यायनं. मी विटा आणल्या, आता कोणी काई म्हणो. टमाटे सीधे बाजारात न्या, असं मी आधीच म्हणलं होतं. नाई आयकलं."

"तुमी लग्नाले होते?"

"वरातीत नाचत होतो. दादाले विचारा, तो वर्ध्याच्या बाजारातून येईनच. आष्टीवाले बी सांगतीन."

मोठी सून मोहिनी कमी बोलणारी, पण डोळे रडून सुजलेले. तिनं त्यांना आतल्या थंड खोलीत नेलं. एका भिंतीला देव्हारा होता, आणि त्याच्या पुढ्यात टमाट्याचे प्लॅस्टिकचे क्रेट एकावर एक रचलेले. खालच्या क्रेटमधल्या बाटल्या ठणठणीत होत्या. सगळ्यात वरच्या क्रेटमधल्या सगळ्या फुगलेल्या.

"इथं काऊन ठेवल्या?"

"घरात हीच खोली थंडी हाये. अन् देवाजवळ असल्या तं बरं, असं वाटलं." तिनं सुस्कारा सोडला. "वर्ध्याले शिकून आली मी. उकळता रस्सा उकळत्या बाटलीत भराचा, झाकण हलक्या हातानं लावाचं. गरम काच जोरानं धरता येत नाई. थंडं होताना झाकण आपोआप आत वढलं जाते. मंग वर्षभर काई होत नाई. फक्त उघडाची नाई."

खालच्या क्रेटमधली एक बाटली तिनं उचलली आणि झाकण सहज फिरवलं. 'टक्' असा आवाज झाला. लसूण आणि सब्जाचा असा वास सुटला की किशोरला क्षणभर नोकरीचा विसर पडला.

"अन् हे?" मनकर्णाबाईंनी वरच्या क्रेटमधली बाटली तिच्या हातात दिली. मोहिनीनं जोर लावला. झाकण हललं नाही. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच.

"ताई, हे पक्कं," किशोर हळूच म्हणाला. "कोणीतरी उघडून घातलं काईतरी, अन् पक्कं लावून टाकलं. रक्षाच ते."

"तुह्या डोळ्यानं पाह्यलेलं तू कधीतरी वापरत जाजो," मनकर्णाबाई म्हणाल्या.

रूपराव ओसरीवर खाटेवर बसले होते. वय झालं असलं तरी मनगटं अजून बैलगाडीच्या जुवासारखी. किशोरनं गोरसपाकाचा पुडा त्यांच्या हातात दिला. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवत आत देव्हाऱ्यापाशी गेले, पुड्याचा वरचा कागद फाडून तो उघडा करून देवापुढे ठेवला, भोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले. मग पुडा बाहेर आणून आधी किशोरला दिला.

"आमच्या घरी देवाले दाखवल्याबिगर कोणी तोंडात टाकत नाई," ते म्हणाले. "पह्यली वांगी, पह्यली मेथी, सारं आधी त्याले."

"लग्नाच्या दिवशी आतल्या खोलीत रक्षा गेलती का?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"नाई. सकाळी मी पूजेले बसलो होतो, तिकडे कोणी आलं नाई. मंग दिवसभर दारापाशीच होतो. तेच तं सांगून राह्यलो पोरायले, लहानी असं करणार नाई. पण बुढ्याचं कोण आयकते?"

किशोर तिसरं गोरसपाक तोंडात टाकत होता. या घरात धर्म आहे, पण पुरावा नाही, एवढंच त्याच्या ध्यानात आलं.

थोड्या वेळानं मोठा मुलगा कैलास बाजारातून परतला, तेव्हा मनकर्णाबाईंनी सगळ्यांना देव्हाऱ्याच्या खोलीत बोलावलं. दोन्ही सुना दोन कोपऱ्यांत. दोन्ही भाऊ एकमेकांकडे न बघता उभे. लीलाबाई मधोमध बसल्या, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून.

"निकाल सांगाच्या आधी एक मागणं हाये," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी खालच्या क्रेटमधली एक चांगली, बंद बाटली उचलून रूपरावांपुढे धरली. "बाबा, पमडोऱ्याची ही बाटली मी वर्ध्याले नेऊन राह्यली. तेवढी देवाले दाखवून द्या."

"दाखवतो ना," म्हातारा खुश झाला. त्यानं बाटली घेतली, देवापुढे बसला, आणि एका झटक्यात झाकण फिरवलं.

टक्!

"बाबा!" मोहिनी किंचाळली.

"काऊन?" रूपराव दचकले. "झाकलेला निवद देव कसा खाईन?"

रूपरावांनी बावरून पाणी फिरवलं, नमस्कार केला, आणि झाकण परत लावलं. लावताना त्यांनी मनगटाला असा पीळ दिला की काच कुरकुरली. ती बाटली मनकर्णाबाईंनी किशोरकडे दिली. किशोरनं जोर लावला, लाल झाला, पण झाकण हललं नाही, आणि मग हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आता आयका," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बाटलीत कोणी काई टाकलंच नाई. नासवाचं असतं तं माती टाकली असती, रॉकेल टाकलं असतं. वास फक्त आंबट होता. म्हणजे बाटली नुसती उघडली अन् लावली. तेवढ्यानं हवा आत गेली, अन् रस्सा आंबला."

"तं मंग उघडली कोणी, असा सवाल होता," कैलास पुटपुटला.

"मोहिनी झाकण हलक्या हातानं लावते. नासलेल्या साऱ्या बाटल्यायची झाकणं मात्र माणसानं पिळून लावलेली. ते मले जमलं नाई, मोहिनीले जमलं नाई. मंग भाजलेल्या तळव्यानं रक्षा कशी लावीन? तिले तं पेला बी डाव्या हातानं द्या लागते. फसफसाले तीन-चार दिवस लागतात, म्हणजे बाटल्या लग्नाच्याच दिवशी उघडल्या, अन् तवा तुमी दोघं भाऊ आष्टीले. घरी मजबूत हाताचा राह्यला एकच माणूस. तो सयपाकघरात जात नाई, म्हणून कोणी त्याले मोजलंच नाई. पण बाटल्या सयपाकघरात नव्हत्याच. त्या देवापुढे होत्या."

मोहिनीनं कपाळावर हात मारला.

"यंदा घाईत निवदाची वाटी काढली नाई, हे रक्षानं सांगतलं. बाबायनं मले सांगतलं, या घरात देवाले दाखवल्याबिगर कोणी काई खात नाई. माह्यासमोर त्यायनं बंद पुडा फोडून देवापुढे मांडला. मंग देवाच्या पुढ्यात आलेला क्रेट ते बंद कसा ठेवतीन? वरचा क्रेट हाताशी होता, तेवढाच उघडला. एकेक बाटली. खालच्यायले हात लागला नाई, म्हणून त्या चांगल्या. दरवर्षी हेच होत होतं, पण गंज उघडा असते अन् रस्सा चार दिवसांत संपते. बाटली या घरात पह्यल्यांदाच आली."

"म्हणजे मी नासवलं?" रूपरावांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "मले वाटलं, मोठी घाईत इसरली. निवद दाखवून टाकावा, तिची विक्री चांगली होईन. देवाले देलेलं नासते, हे माह्या ध्यानातच आलं नाई, बाई. अन् आळ या पोरीवर…"

त्यांनी रक्षापुढे हात जोडले. रक्षानं धावत जाऊन ते हात धरले आणि खाली केले.

"बाबा, असं नका करू. तुमीच तं एकटे माह्यासाठी बोलत होते."

मग किशोरला अपेक्षित नव्हतं ते झालं. लीलाबाई हसायला लागल्या. आधी पदराआड, मग खळखळून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बुढ्यानं जलमभर झाकण उघडलं नाई," त्या म्हणाल्या, "अन् उघडलं तं पुरा क्रेट!" धनंजय हसला, कैलासही हसला, आणि हसता हसता दोघा भावांची नजरानजर झाली. किशोरच्या छातीवरचं ओझं उतरलं. रक्षा निर्दोष आहे याचा आनंद त्याला इतका झाला, की आपणच तिला दोषी ठरवलं होतं हे तो तेवढ्यात विसरूनही गेला.

मोहिनी मात्र हसली नाही. ती कोपऱ्यातून उठली, रक्षाचा पट्टी बांधलेला हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"लय दुखते का गं?"

"आता कमी हाये," रक्षा म्हणाली, आणि एवढं बोलून तिला रडू फुटलं. मोहिनीनं तिला जवळ ओढलं.

"मले माफ करजो. मी बाटल्या मोजत बसली, तुह्यं कोणी पाह्यलं नाई."

धनंजय बाहेर गेला. विटा उचलल्याचा आवाज आला. कैलास त्याच्या मागं गेला, आणि दोघंही विटा गोठ्याच्या पडक्या भिंतीकडे नेऊ लागले.

मनकर्णाबाई जायला निघाल्या, तर लीलाबाईंनी त्यांची वाट अडवली. खालचे क्रेट शाबूत होते, रिसॉर्टवाल्याचा माल त्यातून निघणार होता, आणि एक बाटली पाहुण्यांच्या पोटात गेल्याशिवाय लीलाबाई त्यांना सोडणार नव्हत्या. किशोर या बाबतीत वाद घालायच्या मनःस्थितीत नव्हता.

आत भांड्यांचा आवाज सुरू झाला. गेले काही दिवस त्या घरात दोन जावा आपापल्या माणसांपुरतंच मोजून रांधत होत्या. आज रक्षानं डाव्या हातानं तांदळाचा डबा ओढला आणि दारातून मान बाहेर काढली.

"आत्याबाई, भात किती जणायचा टाकू?"

लीलाबाईंच्या आधी उत्तर चुलीपाशी बसलेल्या मोहिनीनं दिलं.

"साऱ्यायचा टाक."