लाल तुऱ्याचा वृकाल

"मॅडम, चोर परग्रहावरचा आहे," फोनवरचा माणूस म्हणाला.

"आमची हद्द फुलंब्रीच्या अलीकडं संपते," असं म्हणून फौजदार द्वारकाबाई शेजूळ यांनी फोन ठेवला.

तो लगेच पुन्हा वाजला. या वेळी नानासाहेब स्वतः बोलत होते. देवगाव रंगारीत त्यांची जमीन नजर पोचेल तिथपर्यंत होती आणि ओळखी त्याच्याही पलीकडं. तेव्हा परग्रह असो की उपग्रह, जाणं भाग होतं.

घरोघर टीव्हीच्या तबकड्या लागत होत्या आणि रोज नव्या वाहिन्या निघत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. नानासाहेबांचा मुलगा बन्सी दिसायला बरा होता. दुसरं काही येत नव्हतं, म्हणून बापानं त्याला नायक करायचं ठरवलं. सिल्लोड रस्त्यावरचं कापसाचं एक बंद पडलेलं जिनिंग घेतलं, मुंबईहून प्रद्योत नावाचा दिग्दर्शक आणला आणि 'अखेरचं सूर्यमंडळ' नावाची मालिका काढली. तिच्यात वृकाल नावाची परग्रहावरची जमात माणसांशी लढत असे. वृकाल म्हणजे काय, तर रबरी मुखवटा, मेंढीच्या लोकरीची आयाळ, तीन बोटांचे हातमोजे आणि टाचेपर्यंत काळा झगा. आत गावाकडची रोजंदारीची माणसं. सगळे एकसारखे दिसायचे, फक्त त्यांच्या सरदाराच्या डोक्यावर लाल तुरा होता. तो तुरा त्रिंबक वागवायचा. त्रिंबक धनगराचा, त्याचा बाप नानासाहेबांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायचा.

आणि आता या महायुद्धाचा शेवट असलेली टेप गायब झाली होती. उद्या ती मुंबईला पोचायची होती.

द्वारकाबाई आल्या तेव्हा त्रिंबकला मागच्या कडुनिंबाखाली बाजेला बांधून ठेवलं होतं. समोर त्याची बायको बानाबाई मातीत बसली होती. नानासाहेब आरामखुर्चीत पाय पसरून बसले होते.

"घ्या तुमचा चोर," ते म्हणाले. "धनगराला तोंड दिलं की आसंच होतं."

"दोर कुणी बांधला?"

"माझ्या माणसांनी."

"तो सोडायला सांगा. माणूस बांधायचं काम सरकारनं मला दिलंय."

सांडू हवालदारानं दोर सोडला. बानाबाईनं द्वारकाबाईंच्या बुटांना हात लावला.

"बाई, ठाण्यात नेऊ नका त्यास्नी. एकदा चोर म्हटलं, की मंग शिवारात मेंढरू बसवू देत नाय कुणी. आमचं सगळं मेंढरावरच हाय."

"उठ आधी," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांना पायाशी बसलेली माणसं आवडत नसत आणि बसवून घेणारी त्याहून नाही.

मग त्यांनी दिग्दर्शकाला गाठलं. तो डोळ्यांवर काळा चष्मा लावून सावलीत उभा होता.

"टेप कुठं होती?"

"संकलनाच्या खोलीत. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे पुढच्या अंगणात होतो. परत गेलो तर नाही."

"नानासाहेबसुद्धा तुमच्यात जेवले?"

"ते कुठे आमच्यात जेवतात! त्यांचा डबा घरून येतो, ते आत आपल्या खोलीत बसतात."

"टेपची दुसरी प्रत?"

"नानासाहेबांनी काढू दिली नाही. पैसे काय झाडाला लागतात, म्हणाले."

"खोलीतून बाहेर पडायचा रस्ता?"

"पुढून अंगण, मागून स्वयंपाकघर. पुढून कुणी आलं नाही. स्वयंपाकघरातल्या बायकांनी मात्र लाल तुऱ्याचा वृकाल मागच्या दारानं जाताना पाहिला. म्हणजे त्रिंबकच. नावं दाखवतात त्यात आपलं नाव हवं म्हणून तो परवा भांडला होता माझ्याशी."

"दिलंत नाव?"

"मॅडम, आत कोण आहे हे कळलं तर वृकालाची भीती काय राहिली?"

कुणाला भीती वाटत होती, देव जाणे. द्वारकाबाईंच्या पुंडलिकनगरातली पोरं हा कार्यक्रम लागला की पोट धरून हसायची.

"बरं. शेवटच्या भागात होतं तरी काय?"

प्रद्योतनं चष्मा काढला. "युद्ध संपतं. पृथ्वीचा सेनापती, म्हणजे आपला बन्सी, शस्त्र खाली ठेवतो आणि वृकालांच्या सरदाराच्या पायांवर डोकं टेकतो. कारण माणसांनी त्याची पिल्लं मारलेली असतात. मोठा क्षण आहे. काल सगळ्यांना दाखवला. नानासाहेब तर इतके हलले, की अर्धा चहा तसाच टाकून उठले."

"आणि सरदार काय म्हणतो?"

"काहीच नाही. वृकालांना आवाजच नसतो, ते मनातून बोलतात. आम्ही आवाज जागेवरच घेतो, त्यामुळे झगा चढला की शिंकायलाही बंदी. त्रिंबकच्या झग्यात एकदा मुंगळा शिरला, चावत राहिला, पण पठ्ठ्यानं हूं की चूं केलं नाही."

द्वारकाबाई त्रिंबककडं वळल्या.

"जेवणाच्या सुट्टीत कुठं होतास?"

"झगा खुंटीला टांगला, भाकर खाल्ली, लिंबाखाली आडवा झालो."

"कुणी पाह्यलं?"

"निजलेल्या माणसाला कोण बघतंय बाई? उठलो तर झगा त्याच खुंटीला व्हता."

"टेप पाहिजे होती का तुला?"

"मला?" त्रिंबक कडवट हसला. "बाई, जल्मात पहिल्यांदा कुणी माझ्या पाया पडलं. तेवढं गावानं बघावं म्हणून मी दिवस मोजत व्हतो. मी कशाला चोरू?"

सांडूनं एव्हाना सगळ्यांच्या पिशव्या, पेट्या, वृकालांची बासनं, दिग्दर्शकाची बॅग, सगळं उलटंपालटं केलं होतं. फाटक तेव्हापासून बंद होतं. टेप सापडली नव्हती.

"काही राहिलं नाही ना?"

"नाय मॅडम. फिर्यादीची जीप तेवढी सोडली. मागच्या दाराशी हुबी हाय."

द्वारकाबाई स्वयंपाकघरात गेल्या. तिथं सरूबाई आणि मनकर्णाबाई चुलीपुढं बसून रात्रीच्या भाकरी थापत होत्या. दोघी देवगावच्याच, नानासाहेबांच्या भावकीतल्या सुना. त्यांनीच इथं आणून बसवलेल्या. द्वारकाबाई पाटावर बसतात न बसतात तोच तीन वृकाल पाणी प्यायला आत शिरले. मुखवटे तसेच चढवलेले.

"ए इरकाल, पाय पूस!" सरूबाई ओरडली. "आत्ता सारवलंय. आन् माठात हात घालू नको, तांब्यानं घे."

पृथ्वी जिंकायला निघालेली जमात मुकाट्यानं पाय पुसून पाणी प्याली आणि निघून गेली. मनकर्णाबाईचा पदर डोक्यावरून घसरला होता, तो तिनं तसाच राहू दिला.

"दुपारी लाल तुऱ्याचा गेला, तो कसा गेला?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"सरळ गेला," सरूबाई म्हणाली. "या दारातून आला, त्या दारानं गेला."

"काही बोलला?"

"इरकाल कुठं बोलतंय? जरा घशात खरखर केली. मुखवट्यात दम कोंडत आसंल."

"मग?"

"मंग काय, आम्ही उठून भिंतीला लागलो, तो गेला. तवर तव्यावरची भाकर करपली. बन्सीभाऊजींनी ताट ढकललं ना त्यापायी."

"पाय पुसले त्यानं?"

सरूबाईनं जरा विचार केला. "नाय. आन् मी बी बोलले नाय. का बरं बोलले नाय?"

एवढ्यात बाहेर कुणीतरी खाकरलं. दोघी झटक्यानं उठल्या, डोक्यावर पदर ओढले आणि पाठ करून भिंतीशी उभ्या राहिल्या. द्वारकाबाईंचा हातही उगाच खांद्याकडं गेला. तिथं वर्दीची पट्टी होती.

नानासाहेब दारात आले. "झाली का नाय चौकशी? न्या त्याला. मेंढरं राखणाऱ्यासाठी किती येळ घालवता?"

"झाली," द्वारकाबाई म्हणाल्या. "सगळ्यांना इथंच बोलवा."

सांडूच्या कानात काही सांगून त्यांनी त्याला तेवढं बाहेर धाडलं. स्वयंपाकघर गच्च भरलं. बन्सी आला, सेनापतीच्या चंदेरी कपड्यांत. प्रद्योत आला. त्रिंबक दाराशी उभा राहिला, त्याच्यामागं बानाबाई. नानासाहेबांसाठी कुणीतरी खुर्ची आणली. भिंतीशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या दोन बायकांकडं कुणाचं लक्ष नव्हतं. नाहीतरी कधी असतं?

"चोर या दारातून आला आणि त्या दारानं गेला," द्वारकाबाईंनी सुरुवात केली. "अंगात झगा, डोक्यावर लाल तुरा. तुरा बघितला आणि सगळ्यांनी त्रिंबकचं नाव घेतलं. झगा खुंटीला टांगलेला होता, तो कुणीही चढवू शकतो, एवढंही कुणाच्या डोक्यात आलं नाही. कारण त्रिंबकवर आळ घेणं सोपं होतं."

"कुणी बी म्हंजी कोण?" नानासाहेब म्हणाले. "नाव सांगा ना."

"सांगते. या दोघी वृकालांना दिवसभर दटावतात. पाय पूस, माठाला शिवू नको. मी डोळ्यांनी पाह्यलं. पण दुपारच्या वृकालासाठी दोघी तव्यावरची भाकर सोडून उठल्या आणि भिंतीला लागल्या. पाय पूस म्हणायची हिंमत सरूबाईला झाली नाही. का? कारण तो दारात घशात खरखरला. दम कोंडला म्हणून नाही. खाकरला तो."

नानासाहेबांनी पसरलेले पाय जवळ घेतले.

"वृकाल खाकरत नाहीत. दिग्दर्शकसाहेब सांगतात, त्यांना आवाजच नसतो. त्रिंबक तर मुंगळा चावला तरी गप्प बसतो. मग बायकांच्या घरात शिरायच्या आधी खाकरतं कोण? घरातला मोठा पुरुष. सासरा, नाहीतर थोरला दीर. सुनांनी पदर घ्यावा, उठून आडोशाला व्हावं म्हणून. जन्माची सवय, मुखवटा चढवला म्हणून सुटते थोडीच! आणि ते खाकरणं ऐकलं की यांचं अंग आपोआप उठतं. डोक्याला कळायच्या आधी. आत्ता माझा हातसुद्धा पदर शोधायला गेला. मीही कुणाची तरी सून आहे."

नानासाहेब हसले. हसणं नीट जमलं नाही.

"खोकल्यावरून माणूस धरता का बाई? आन् मी त्या धनगराच्या घामाचं कातडं आंगात घालीन?"

"घातलंत. नाक दाबून घातलं असेल. कारण त्याहून मोठी नामुष्की टेपमध्ये होती. मुखवट्याच्या आत त्रिंबक आहे, हे महाराष्ट्राला ठाऊक नाही, पण देवगाव रंगारीला ठाऊक आहे. ज्याचा बाप तुमच्या शेतात मेंढरं बसवायचा, त्याच्या पायावर तुमच्या लेकाचं डोकं. तुम्ही चहा टाकून उठलात तो गहिवरून नाही."

"आबा?" बन्सीच्या तोंडून एवढंच निघालं.

सांडू मागच्या दारातून आत आला. त्याच्या हातात पोत्यात गुंडाळलेली टेप होती. "जीपच्या शिटाखाली होती मॅडम."

"मोडूनतोडून विहिरीत टाकता आली असती," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण तिच्यात लेकाची लढाई आहे ना. लढाई ठेवायची आणि वाकणं तेवढं कापायचं. मग टेप कुठंतरी सापडली म्हणायचं, आणि त्रिंबक गेला कोठडीत."

नानासाहेब उभे राहिले. आता त्यांनी लपवायचा प्रयत्न सोडला होता.

"टेप माझी हाय. पैसा माझा हाय. माझ्याच वस्तूची मी चोरी केली म्हणता?"

"टेप तुमची असेल. त्रिंबक तुमचा नाही. खोटी फिर्याद दिलीत, निरपराध माणसाला बांधून घातलंत. त्याचा गुन्हा होतो. चला."

"बन्सी, सांग हिला मी कोण हाय ते!"

बन्सीला शहाणं कुणी म्हटलं नव्हतं आणि त्यानंही कधी तशी संधी दिली नव्हती. पण आज तो बापाकडं न बघता त्रिंबककडं बघत होता.

"आबा, पाया पडायचं मीच सुचवलं होतं," तो म्हणाला. "लहानपणी मी तळ्यात पडलो तवा याच्या बापानं काढलं होतं मला. तुम्ही त्याला धोतरजोडा बी दिला नव्हता. म्हटलं, मुखवट्याच्या तरी पाया पडावं."

प्रद्योतनं घाईघाईनं काळा चष्मा चढवला. हा मोठा क्षण आपल्याला सुचलाय, असं तो मुंबईत सगळ्यांना सांगत सुटला होता.

बानाबाईनं त्रिंबकचं मनगट धरलं आणि दोराचे वळ चोळत राहिली.

नानासाहेब सांडूबरोबर आपल्या खोलीत टोपी आणायला गेले आणि गर्दी बाहेर पडली. दोन्ही बायका पुन्हा चुलीपुढं बसल्या. सरूबाईनं तव्यावर नवी भाकर टाकली. पोलिसांची गाडी मागच्या अंगणात उभी होती, त्यामुळं नानासाहेबांना स्वयंपाकघरातूनच न्यावं लागलं. पुढं सांडू, मागं द्वारकाबाई. उंबऱ्याशी नानासाहेब सवयीनं थांबले आणि खाकरले.

मनकर्णाबाईचा हात पदराकडं गेला. सरूबाईनं तो मध्येच धरला.

नानासाहेब पुन्हा खाकरले, या वेळी मोठ्यानं.

"पाय पुसून जा," सरूबाई म्हणाली आणि भाकर उलटली. तिला करपू द्यायची नव्हती.