एक पान जास्त

तुफानाच्या दिवशी विशालाक्षीने सगळ्यांत आधी काय केलं असेल, तर केळीची पानं कापली. सकाळचे सहा वाजले होते. आभाळ शेवाळलेल्या हौदासारखं हिरवट दिसत होतं आणि वारा अजून नुसताच चाळे करत होता. दुपारनंतर बागेत एकही पान धड राहायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने सव्वाशे पानं उतरवली, पुसली आणि ओल्या गोणपाटाखाली रचून ठेवली.

तंजावूर जिल्ह्याच्या पार टोकाला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर यमुनाबाई छत्रम आहे. मराठ्यांच्या राज्यात रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी बांधलेली ही धर्मशाळा. आता तिथे सरकारी शाळा भरते आणि तुफान आलं की आसपासची सगळी वस्ती तिच्या जाड भिंतींआड येऊन बसते. विशालाक्षीच्या सासरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या इथली चूल सांभाळली. शाळेच्या दुपारच्या जेवणाचं काम तिच्याकडे आलं ते सरकारी हुकमाने, पण सासूबाई जिवंत असत्या तर म्हणाल्या असत्या, त्यात सरकारने काय नवीन दिलं?

छत्रमची एक रीत होती आणि ती विशालाक्षीनेही मोडली नव्हती. पंगत बसण्याआधी समुद्राकडचं दार उघडायचं, उंबऱ्यावर उभं राहून तीनदा हाक द्यायची, ‘जेवायचं कोणी राहिलंय का?’ पूर्वी यात्रेकरूंच्या होड्या त्याच बाजूला लागत, म्हणून. हाकेला जो येईल, त्याला जात विचारायची नाही, नाव विचारायचं नाही, आणि तो पुरे म्हणेपर्यंत वाढणं थांबवायचं नाही. फक्त तुफानाच्या दिवशी हाक द्यायची नाही. त्या दिवशी एक पान जास्त मांडायचं आणि दाराला मुकाट्याने कडी घालायची. का, ते सासूबाईंनी कधीच सांगितलं नाही. विचारलं की त्या नुसत्या चुलीत फुंकर मारत बसत.

नऊ वाजेपर्यंत एकशे बारा माणसं आत आली. कोळ्यांची कुटुंबं, त्यांची बोचकी, चार शेळ्या आणि एक टीव्हीसुद्धा. मिठागरापाशी एकटी राहणारी म्हातारी कृष्णवेणी तेवढी आली नव्हती.

“मी आणतो तिला,” विशालाक्षीचा नवरा सेतुराम म्हणाला. निवृत्त पोस्टमास्तर, त्यामुळे काहीही पोचवायचं राहिलं की त्याला चैन पडत नसे.

“अहो, वारा बघा कसा हाय! पोलिसांना सांगू की.”

“पोलीस येईतो म्हातारी वाहून जाईल. सेरी, ठीक आहे, अर्ध्या तासात येतो. माझं पान मांडून ठेव.” आणि तो मोपेडवर बसून गेलासुद्धा.

मोबाइलचे मनोरे पडले. उरला तो तहसीलदारांनी दिलेला वायरलेस. त्याच्या दुसऱ्या टोकाला, तंजावूरच्या नियंत्रण कक्षात, विशालाक्षीचा मुलगा मुरली नोकरीला होता. तो दर तासाला तुफान कुठवर आलं ते सांगायचा. सगळ्यांसाठी तमिळमधून सांगून झालं की आईसाठी दोन वाक्यं घरच्या मराठीत टाकायचा.

“अम्मा, साठ किलोमीटर. वारा एकशे वीसवर गेलाय. अप्पा आले?”

“नाही.”

अकरा वाजता तुफान चाळीस किलोमीटरवर होतं. “अम्मा, त्याचा जोर वाढतोय. रात्री वाटलं होतं त्याहून पुष्कळ मोठं झालंय… अप्पा?”

“नाही रे, कन्ना.”

बारानंतर आवाजांचा हिशेबच राहिला नाही. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. कौलं उडत होती, नारळाची झाडं मोडताना कडाड्‌कन वाजत होती आणि दिवसाढवळ्या इतका अंधार झाला की संगीताने कंदील लावले. संगीता ही विशालाक्षीच्या हाताखाली स्वयंपाक करणारी, तिशीतली, कोळ्याची मुलगी. दहा वर्षांपूर्वी तिचा बाप होडीतून गेला. होडी परत आली, बाप आला नाही. तेव्हापासून तुफानात ती बोलेनाशी होते. आताही ती मुकाट्याने सांबार ढवळत होती आणि मधूनच समुद्राकडच्या दाराकडे बघत होती.

एक वाजता सगळं थांबलं.

थांबलं म्हणजे कसं, तर चालू मिक्सरचं बटण कुणी बंद करावं तसं. छपराच्या भोकांतून ऊन आत आलं. लेकरं ओरडायला लागली, दोघे बाप्ये हात जोडून उठले. तेवढ्यात वायरलेस खरखरला.

“अम्मा! कोणाला बाहेर सोडू नक्को! हा डोळा हाय. तुम्ही तुफानाच्या मधोमध हायत. अर्ध्या तासात वारा उलटा फिरेल, समुद्राकडून येईल. ऐकतेस?”

ती ऐकत होती. पण तिच्या मनात अर्धा तास एवढंच राहिलं. अर्धा तास वारा नाही. सेतुराम कुठे आडोशाला बसला असेल, तर याच अर्ध्या तासात तो येऊ शकेल, नाहीतर नाही. तीस वर्षांचा संसार होता. तिने रस्त्याकडच्या दारातून बघितलं, पण पडलेल्या झाडांपलीकडे काही दिसेना. मग तिने जाऊन समुद्राकडचं दार उघडलं.

समुद्र नव्हता. वाऱ्याने पाणी पार मागे लोटलं होतं आणि उरला होता मैलभर काळा चिखल. कुजलेल्या शेवाळाचा आणि फाटक्या पाल्याचा वास येत होता. एकही पक्षी नव्हता.

तिला नवऱ्याला हाक मारायची होती. आता बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा नियम कुणी केला देव जाणे, पण तीस वर्षांत ते नाव तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं आणि त्या घटकेलाही जीभ वळेना. ‘अहो’ म्हणून तिने हाक मारून बघितली, ती उंबऱ्याबाहेरही गेली नाही. मोठ्याने, लांबवर जाईल अशी एकच हाक तिच्या गळ्याला ठाऊक होती.

“जेवायचं कोणी राहिलंय का?”

मागे संगीताच्या हातून पळी पडली.

“जेवायचं कोणी राहिलंय का… या!”

तिसरी हाक तिने डोळे मिटून दिली. डोळे उघडले तर चिखलातून सेतुराम चालत येत होता.

ती रडली, हसली, ‘अहो’ म्हणाली. तो आत आला. पाय न धुता थेट भिंतीकडच्या त्या जास्तीच्या पानावर जाऊन बसला. अंगावरून पाणी निथळत होतं. तिने दाराला कडी घातली.

“कृष्णवेणी?” तिने विचारलं.

“राहिली.”

“आणि मोपेड?”

“भूक लागलीय…” तो खाली बघतच म्हणाला.

तिने भात वाढला, सांबार वाढलं. बाकीच्या पंगतीही बसल्या. तेवढ्यात दक्षिणेकडून घरघर सुरू झाली आणि समुद्राकडच्या दारावर वाऱ्याचा पहिला तडाखा बसला. माणसं भराभरा घास गिळायला लागली. तंजावूरकडे लग्नाच्या पंगतीत जेवण झालं की पान आपल्याकडे दुमडतात, म्हणजे पुन्हा येऊ. तेराव्याच्या पंगतीत बाहेरच्या बाजूला दुमडतात, म्हणजे असा दिवस पुन्हा नको. त्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं, तरी एकूण एक माणसाने पान बाहेरच्या बाजूला दुमडलं.

वायरलेस पुन्हा बोलू लागला. “अम्मा, अप्पा मिळाले! आतल्या एका गावच्या शाळेत हायत. रस्त्यात झाड पडलं म्हणून कृष्णवेणीपाट्टीला घेऊन तिकडे गेले. अकरापासून तेथेच हायत. घे, बोल त्यांच्याशी.”

आणि खरखरीतून सेतुरामचा आवाज आला, तोच, जरा घोगरा. “विशाला? घाबरू नकोस. मी बरा आहे. दार लावलंस ना?”

तिने मान वळवून पंगतीकडे बघितलं.

“विशाला… हाक दिली नाहीस ना?”

भिंतीकडच्या पानावरून आवाज आला, तोच, जरा घोगरा. “कोण बोलतंय गं?”

तिला किंचाळावंसं वाटलं. पण अंधारात एकशे बारा माणसं, बाहेर पाणी. किंचाळली असती तर लोक दार उघडून पळाले असते.

“मुरली हाय,” ती म्हणाली, आणि वायरलेसचं बटण सोडलं.

“सेरी. भात वाढ…”

तिने वाढला. पुन्हा मागितला, पुन्हा वाढला. पाणी पायऱ्या चढत होतं, दाराच्या फटीतून शिंतोडे आत येत होते. ती फक्त त्याच्या हाताकडे बघायची, तोंडाकडे नाही. बोटं खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली होती. दुसरं पातेलं संपलं. तळाची खरवड काढताना तिच्या मनात एकच होतं: पुरे म्हणण्याआधी भात संपला, तर काय?

शेवटची मूठ पानावर पडली तेव्हा तो म्हणाला, “पुरे.”

वाऱ्याने एक कंदील विझला. तिने तो पुन्हा लावून मागे बघितलं, तर जागा रिकामी होती. दाराची कडी आतून घातलेली होती, तशीच. पाणी वरच्या पायरीवर येऊन थांबलं होतं.

चार वाजता वारा पडला. संगीता केरसुणी घेऊन आली आणि त्या पानापाशी उभी राहिली. तिचे डोळे रडून सुजले होते, पण चेहरा इतका शांत विशालाक्षीने कधी पाहिला नव्हता.

“अक्का,” ती तमिळमध्ये हळूच म्हणाली, “तुमचे उपकार मी विसरणार नाही. तुम्ही हाक दिलीत म्हणून माझे अप्पा आले. दहा वर्षांनी पोटभर जेवले.”

विशालाक्षीने खाली बघितलं. एकशे बारा पानं बाहेरच्या बाजूला दुमडलेली होती. भिंतीकडचं ते एक पान, नीट, मधोमध, आपल्याकडे दुमडलेलं होतं.

सेतुराम दुसऱ्या दिवशी घरी आला. तिने त्याला सगळं सांगितलं. ऐकून त्यानेच समुद्राकडच्या दाराला खिळे ठोकले. मुलांच्या पंगतीला ती आता रस्त्याकडच्या दारातून हाक देते. बरेच दिवस गेले.

परवा मुरलीचा फोन आला. “अम्मा, अंदमानपाशी पुन्हा कमी दाबाचा पट्टा झालाय. अजून लहान हाय, पण वाढतोय. इकडेच येईल असं दिसतं.”

ती फोन हातात धरूनच छत्रमकडे गेली. संगीता बागेतून आली होती, पानं पुसून गोणपाटाखाली रचत होती, गुणगुणत होती. विशालाक्षी समुद्राकडच्या दारापाशी गेली. सगळे खिळे काढून, सरळ करून, उंबऱ्यावर ओळीने मांडून ठेवले होते. कडीला ताजं तेल होतं.