विरुद्ध पक्षाचा माणूस

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली, दिवा मिचमिचला आणि आतल्या तरुणीनं कठडा घट्ट धरला.

"घाबरू नका," शेजारी उभा असलेला तरुण म्हणाला, "पडत नाही ही."

"कशावरून?"

"वरच्या दोरावरून!"

एवढ्या धास्तीतही तिला हसू फुटलं. त्यानं खांद्यावरच्या पिशवीतून एक लाकडी कासव काढलं. खिळा नाही, डिंक नाही. सगळे तुकडे एकमेकांत अडकवलेले. "हे सोडवत बसा. तोवर लिफ्ट सुटेल."

तिला एकही तुकडा हलवता येईना. त्यानं खालून कासव धरलं... बोटांना बोटं लागली, तिनं चटकन मान खाली घातली. आणि तेवढ्यात लिफ्टला धक्का बसून ती वर निघालीसुद्धा.

"सुटलं नाही हो," कासव परत देताना ती म्हणाली.

"बरंच झालं. पुन्हा भेटायला कारण राहिलं."

ती वकील होती, करारपत्रं लिहिणारी. कागदावरचा एकेक शब्द उलटासुलटा करून बघायची तिची सवय, म्हणून ऑफिसात तिला सगळे 'शंकासूर' म्हणायचे. त्या दुपारी खेळण्यांच्या एका बड्या कंपनीचा करार होता. कागद घेऊन ती बैठकीच्या खोलीत शिरली, आणि समोरच्या खुर्चीत तोच!

"अरे, तुम्ही?" त्याचा चेहरा उजळला.

ती मात्र दारातच थबकली. त्यानं रचलेल्या खेळण्यांचे हक्क ती कंपनी विकत घेणार होती, इथवर ठीक. पण कंपनीच्या मालकीणबाईंनी हट्टानं एक अट घालायला लावली होती: यापुढे जन्मभर त्यानं स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कुणासाठी एकही खेळणं बनवायचं नाही. मोठ्या वकीलसाहेबांनी सांगितलं, तिनं टाइप केलं. तेव्हा तो कागदावरचा नुसता 'दुसरा पक्ष' होता.

आणि हा बाबा एकटाच आला होता. वकील नाही, कुणी नाही. "सही कुठे करायची तेवढं दाखवा," म्हणत त्यानं पेनाचं टोपणसुद्धा काढलं.

दुसऱ्या बाजूच्या माणसाला सल्ला देणं तिच्या वकिलीच्या धर्मात बसणारं नव्हतं. पण एक गोष्ट सांगता येत होती.

"थांबा..." ती म्हणाली. "आधी तुमचा स्वतःचा वकील करा. त्याला वाचू द्या. मगच सही."

शेजारी बसलेल्या मालकीणबाईंच्या भुवया चढल्या. तो गोंधळला. "तुम्ही आहात की इथे!"

"मी तुमची नाही—" म्हणता म्हणता ती कानांपर्यंत लाल झाली. "म्हणजे... मी यांची वकील आहे."

त्याचं हसू मावळलं. कागद उचलून, तिच्याकडे न बघता तो निघून गेला.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "काय केलंस हे?"

"साहेब, माणसाला त्याच्या धंद्यातूनच जन्मभर उठवणारी अट आपल्या देशाच्या कायद्यात टिकत नाही. आत्ता सही मिळेल, पण उद्या तो कोर्टात गेला की आपल्या हाती धुपाटणं."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बरोबर आहे तुझं. मीच भिडेला बळी पडलो. पण हे मालकीणबाईंना तू सांगायचंस. त्या बिथरल्या तर तुला वाचवणं माझ्या हातात नाही."

ती गेली, बोलली. मालकीणबाई "कळवते" एवढंच म्हणाल्या. त्यांचा निरोप येईना. फोन वाजला की ती धास्तावायची. नाही वाजला की त्याहून जास्त.

"चहात मीठ घातलंस," आई एका सकाळी म्हणाली. "कुणाची एवढी काळजी लागलीय?"

"एका करारपत्राची गं."

"अस्सं! आणि करारपत्राला डोळे कसे आहेत?"

ती हसली, आणि का कोण जाणे, रडलीही.

अखेर बैठक ठरली. या वेळी तो आपल्या मावशीला घेऊन आला. मावशी वकील होती, अक्षर न् अक्षर वाचणारी. मालकीणबाईंनी नवं कलम मान्य केलं होतं: ही खेळणी कंपनीची, पुढे जे नवं सुचेल ते त्याचं.

"हे कलम कुणी लिहिलं?" मावशीनं विचारलं. साहेबांनी तिच्याकडे बोट दाखवलं. त्यानं मान वर केली नाही. सही केली, नमस्कार केला आणि मावशीमागून बाहेर पडला.

झालं. नोकरी वाचली, करार झाला आणि माणूस गेला.

पण तिचं मन ऐकेना. लिफ्टची वाट न बघता ती धाडधाड जिने उतरली. फाटकापाशी टॅक्सीत मावशी बसलेली, आणि तो बाहेर ताटकळत उभा.

"रागावलो होतो मी," तो म्हणाला. "वाटलं, लिफ्टमध्येच तुम्हाला सगळं ठाऊक होतं."

"कागदावर तुमचं नाव होतं. चेहरा नव्हता..."

"हं. मावशी म्हणाली, विरुद्ध पक्षाची असून जिनं तुला सावध केलं, तिला निदान चहा तरी पाज."

"एवढंच म्हणाली?"

"आणखीही म्हणाली. ते... चहानंतर."

"आत्ताच सांगा. वाट बघून बघून जीव गेलाय माझा."

"म्हणाली, ही मुलगी हातची घालवू नकोस."

"आणि तुम्ही?" ती एक पाऊल पुढे आली. "तुमचं काय म्हणणं आहे?"

"मी... म्हणजे मला... रोज सकाळपासून..." लाकडाला हवं तसं वळवणारे त्याचे हात नुसतेच हवेत फिरत राहिले.

तिनं त्यातला एक हात धरला.

"मलासुद्धा," ती म्हणाली.

"अहो, पण माझं वाक्य पुरं कुठे झालंय!"

"राहू दे."

टॅक्सीतून मावशीनं दोनदा हाक मारली. मग ती ड्रायव्हरला म्हणाली, "चला हो, आपण निघू या."