नोलीनचं पोकळ दार

दारावर टकटक केली आणि मेरेआनाचा हात तिथंच थांबला.

आवाज चुकला होता. या इमारतीतली सगळी दारं भरीव बीच लाकडाची. ती वाजवली की जाडसर, दबका आवाज यायचा. हे लाल दार मात्र रिकाम्या खोक्यासारखं वाजलं.

"काय झालं?" ग्लेनिसनं विचारलं. एकट्या म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या या घरांची ती व्यवस्थापक.

"हे दार कुणी केलं?"

"लॅकी गिलिसनं. सगळीच त्यानं केलीत."

घरात कुणी नव्हतं. ग्लेनिसच्या किल्लीनं दार उघडून मेरेआना खाली वाकली. दाराच्या बिजागरीकडच्या कडेवर लॅकीची ॲल्युमिनियमची पट्टी होती. हे लाकूड कुठल्या जंगलातून आलं, ते त्या पट्टीवरून कळतं. मग तिनं दाराखाली बोटं घालून ते जरा उचललं. बिजागऱ्या कुरकुरल्या, पण दार बिचारं कागदासारखं हललं.

"पट्टी खरी आहे," ती म्हणाली, "दार खोटं आहे."

मेरेआना पॉटिकी ख्राइस्टचर्चहून एकटीच गाडी हाकत इन्व्हरकार्गिलला आली होती. पर्यावरण सांभाळून बांधलेल्या इमारतींना हरित प्रमाणपत्र मिळतं, त्याआधीची शेवटची पाहणी तिच्याकडे. दुसऱ्यांची घरं दिवसभर तपासायची आणि संध्याकाळी मोटेलात टीव्हीशी बोलायचं, असं तिचं आयुष्य. त्याची तिला सवय झाली होती, असं ती सांगायची.

"एका दारानं एवढं काय होणार?" ग्लेनिस म्हणाली.

"दारांना गुण आहेत. लाकूड राखलेल्या जंगलातलं हवं, डिंक विषारी नको, आणि आवाज अडला पाहिजे. एखादं दार कमी पडलं तर गुण कापता येतात. पण खोट्या दारावर खरी पट्टी म्हणजे फसवणूक. मला वर कळवावं लागेल. हरित इमारतींत काम करायची लॅकीची मान्यता जाईल."

"अगं, मग तो बुडालाच! या मान्यतेशिवाय आता त्याला काम कोण देणार?"

मेरेआना बिजागऱ्यांचे स्क्रू बघत होती. जुन्या पद्धतीचे, एका खाचेचे. सगळ्यांच्या खाचा अगदी सरळ उभ्या.

लॅकीच्या वर्कशॉपात भुशाचा ढीग होता आणि लॅकीच्या नाकावर राग.

"माझं दार? पोकळ? शुद्धीवर आहात ना मॅडम?"

"पट्टी तुमचीच आहे."

"असेल. दार माझं नाही. असलं सुंदर बीच, आणि या लोकांनी त्याला लाल, पिवळा, निळा रंग फासला! म्हाताऱ्यांना आपलं दार ओळखू यावं म्हणे. तेव्हाच मी रडून घेतलं. आता पोकळ दाराचा आरोप तेवढा राहिला होता."

"लाकूड वाचवायला एखादं पोकळ दार..."

"ग्लेनिसला विचारा. एकेक दार मी आणि ती मिळून जिन्यावरून चढवलं. अजून तिची कंबर धरते."

सोबत आलेल्या ग्लेनिसनं मान डोलावली. "लाल दारानं तर माझा जीव काढला होता."

म्हणजे दार आलं तेव्हा खरं होतं. बदललं ते नंतर. मेरेआनानं वर्कशॉपात नजर फिरवली. बाकावर स्क्रू मारायचं मशिन आणि चौकोनी भोकाच्या स्क्रूंचा डबा होता.

"एका खाचेचे स्क्रू वापरता?"

"ते माझ्या आजोबांबरोबर पुरले," लॅकी म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "मॅडम, बायको गेल्यापासून हे वर्कशॉपच काय ते आहे मला. ते काढून घेऊ नका."

मेरेआनाला वाईट वाटलं, पण तिनं शब्द दिला नाही.

लाल दारामागे नोलीन क्रॉथर राहायची. एका हातावर अजून निळाकाळा व्रण होता. तिनं मेरेआनाला आणि ग्लेनिसला बसवलं आणि चीज रोल पुढं केले.

"खा. हाडं मोजता येतील तुझी."

"आंटी, तुमचं दार बदललंय, ठाऊक आहे?"

"दार? रंग तर तोच आहे. बदललेत ते माझे कान."

"म्हणजे?"

"इथं आले तेव्हा वाटलं, थडग्यात आले. पावलं नाहीत, बोलणं नाही. मग रात्री पडले, न्हाणीघराच्या दाराशी. सकाळी जेवणाचा डबा देणारी आली तोपर्यंत फरशीवर. हॉस्पिटलात नेलं. तिथल्या पोरीनं कान धुऊन दिले आणि काय सांगू, परत आले तर जिन्यावरचं कुजबुजणंही ऐकू येतंय! ग्लेनिस फोनवर कुणाला काय बोलते, सगळं ठाऊक आहे मला."

ग्लेनिसचा चेहरा लाल दारासारखाच झाला.

"मदतीला बोलवायचं बटण नव्हतं गळ्यात?" मेरेआनानं विचारलं.

"खणात आहे. गाईच्या गळ्यात बांधतात तसलं मी घालणार नाही."

"हॉस्पिटलात असताना किल्ली कुणाकडे होती?"

"कचेरीत," ग्लेनिस म्हणाली. "खिळ्याला अडकवलेली असते. कुणीही घेईल."

समोरच्या निळ्या दारात सेलविन हॉक्स. त्याचं दार सताड उघडं होतं आणि मध्ये एक रबरी बूट अडकवलेला. म्हातारा खिडकीशी बसून वाऱ्याकडे बघत होता. इन्व्हरकार्गिलला बघायला वारा नेहमीच असतो.

"थंडी नाही वाजत, दार उघडं टाकून?"

"ब्लफ बंदरात आयुष्यभर नावा बांधल्या, पोरी. तिथल्या गारठ्यापुढं ही उबच."

खोलीत एक खुर्ची होती. ती सेलविनकडे असल्यामुळं मेरेआना पलंगावर टेकली आणि दचकली. गादीखाली फळीसारखं टणक काहीतरी होतं. पायथ्याशी पलंगाबाहेर वीतभर आलेलं, वर घोंगडी ओढलेली.

"पाठीला बरं पडतं," सेलविन घाईनं म्हणाला.

"नोलीनशी ओळख जुनी?"

"जुन्या घरांत शेजारी होतो. ही बांधायला ती पाडली. 'गुड मॉर्निंग' म्हणतो आम्ही."

"आणखी?"

"आणखी काय? 'गुड मॉर्निंग' पुरतं."

"तिच्याकडे कधी चहाला?"

"बोलावल्याशिवाय कोण जातं?"

भिंतीवर त्यानं हातानं केलेला कप्पा होता. चहाची एकच कपबशी, आणि पितळी स्क्रू कसे शिस्तीत बसवलेले. मेरेआना ते बघत राहिली. मग तिनं विचारलं, "जुन्या घरांची दारं कुठं गेली हो?"

"मागच्या शेडमध्ये असतील काही," सेलविन म्हणाला आणि पुन्हा वाऱ्याकडे बघू लागला.

शेडमध्ये जुनी पोकळ दारं भिंतीला टेकून होती. धुळीत एका दाराची जागा रिकामी दिसत होती. शेजारी उरलेल्या रंगाचे डबे. बाकी सगळ्यांची झाकणं धुळीनं माखलेली, लाल डब्याचं पुसलेलं.

दुसऱ्या दिवशी मेरेआनानं चौघांना बैठकीच्या खोलीत बसवलं. लॅकी हाताची घडी घालून, ग्लेनिस नखं खात. नोलीन आणि सेलविन दोन टोकांना.

"दार लॅकीनं बदललं नाही," मेरेआना म्हणाली.

लॅकीनं डोळे मिटले.

"खरं दार आलं आणि बसलं. ते बदललं नोलीन हॉस्पिटलात असताना. कान धुऊन कुणाला भिंतीपलीकडचं ऐकू येत नाही, आंटी. तुमचं दारच पातळ झालं होतं. आता प्रश्न असा, हे करणाऱ्याला मिळालं काय? लाकूड विकायचं असतं तर चोरानं कुलूपबंद पडलेलं एखादं रिकामं घर निवडलं असतं. एकच दार गेलं, तेही नोलीनचंच. म्हणजे चोराला लाकूड नको होतं. त्याला पोकळ दार हवं होतं."

"पोकळ दार कुणाला लागतं?" ग्लेनिस म्हणाली.

"ज्याला पलीकडचं ऐकायचंय त्याला. दोन घरांमध्ये दोन दारं असतात. एक नोलीनचं, आणि एक तो माणूस गारठ्यातही उघडं ठेवतो. अडचण उरते एकाच दाराची."

सगळ्यांच्या माना सेलविनकडे वळल्या.

"बिजागऱ्यांचे स्क्रू हातानं बसवलेत, एकेक खाच सरळ उभी करून. लॅकी मशिननं मारतो. पण नावा बांधणाऱ्याच्या हाताची सवय सुटत नाही. तुमच्या कप्प्याचे स्क्रू तसेच आहेत, सेलविन. आणि खरं दार तुमच्या गादीखाली आहे."

सेलविन खिडकीबाहेरच्या वाऱ्याकडे बघू लागला.

"टाकवेना," सेलविन म्हणाला. "इतकं चांगलं लाकूड. पट्टी काढून त्या दाराला लावली, म्हटलं कुणाच्या लक्षात येऊ नये. लॅकी, तुझ्या गळ्याशी येईल हे मला माहीत नव्हतं रे. करायला गेलो एक."

"पण का?" लॅकी ओरडला.

"जुन्या घरात आमच्यातली भिंत पुठ्ठ्यासारखी. हिची किटली ऐकू यायची. रेडिओवर घोड्यांची शर्यत, घोडा हरला की शिव्या. त्यावरून मला कळायचं, शनिवार आहे. इथं आलो, ही शांत दारं लावली, आणि संपलं सगळं. मग ही पडली." त्यानं नोलीनकडे बघितलं. "मी समोर होतो. जागा होतो. मला काही ऐकू आलं नाही. नोलीन, हाक मारली होतीस का?"

"मारली होती," नोलीन म्हणाली.

"कुणाला?"

"तुला. आणखी कोण आहे मला?"

सेलविननं तोंड हातांत लपवलं.

नोलीन उठली. काठी टेकत त्याच्यासमोर उभी राहिली आणि एकदम भडकली.

"इतकी वर्षं भिंतीला कान लावून बसलास! माझ्या शिव्या ऐकल्यास, माझं रडणंही ऐकलं असशील. एकदा येऊन दार वाजवायला हात झडले होते तुझे?"

"तू उघडलं नसतंस तर?"

"पहिल्यांदा नसतंच उघडलं. नवरा मेलेल्या बाईनं लगेच उघडायचं असतं का? दुसऱ्यांदा वाजवायचं, मूर्खा!"

लॅकी खाकरला. "मॅडम, कागदावर काय लिहाल?"

"घडलं ते. दार रहिवाशानं बदललं, सुताराचा दोष नाही. खरं दार आज परत बसलं तर तुमची मान्यता शाबूत. मात्र शांततेच्या गुणांखाली मी एक ओळ लिहीन, की या दारांतून पडलेल्या माणसाची हाक ऐकू जात नाही. त्यासाठी कागदावर रकाना नाही. समासात लिहीन."

लॅकी आणि सेलविननं मिळून लाल दार परत बसवलं. लॅकीनं मशिन बाजूला ठेवलं आणि स्क्रू सेलविनकडे दिले. "घाला तुमच्या पद्धतीनं, म्हातारबुवा. रंग फासलेल्या माझ्या दाराला निदान स्क्रू तरी बरे मिळू देत."

नोलीन खुर्चीत बसून बघत होती. काम झाल्यावर तिनं ग्लेनिसला हाक मारली. "ते गाईचं बटण मी गळ्यात घालते. पण दाबलं की ते कुठल्या कचेरीत वाजायला नको. समोर वाजलं पाहिजे."

"करता येईल," ग्लेनिस म्हणाली.

"आणि ही तू धर." नोलीननं सेलविनच्या हातात घराची दुसरी किल्ली ठेवली. "सकाळी वाजव. दोनदा वाजवूनही मी ओरडले नाही, तर आत ये. बूट बाहेर काढून ये."

सेलविन किल्ली बघत राहिला. त्याला 'गुड मॉर्निंग'सुद्धा सुचलं नाही.

मेरेआनानं सगळ्यांचा निरोप घेतला आणि गाडीत येऊन बसली. ख्राइस्टचर्चच्या तिच्या घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे, हे ती आठवू लागली. पुष्कळ आठवलं. कुणाकडेच नव्हती.