झोपलेली हनुवटी

नमुने घेण्याची खिडकी बंद करून ती वळली आणि थेट त्याच्यावर आदळता आदळता राहिली. त्याने दोन्ही हातांत एक इवलीशी बाटली धरली होती, जणू आत मासा पोहतोय!

"वेळ संपली," ती म्हणाली. शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आजार ओळखणं, हे तिचं काम.

"ठाऊक आहे. मी दातांचा डॉक्टर. पण हे…" त्याने कागद पुढे केला.

तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं – 'हनुवटी झोपलीये.'

तिला हसू फुटलं. "हनुवटी झोपते?"

"शिवणकाम करणाऱ्या मावशींचे शब्द आहेत. ओठांत धरलेली टाचणी हनुवटीला टोचली, तरी कळलंच नाही त्यांना. दात मात्र ठणठणीत. म्हणून तर घाबरलो… जबड्याच्या हाडाचा तुकडाच काढला. नुसतं 'बधिरता' लिहिलं असतं, तर थांबला असतात?"

नसती थांबली ती. तिने बाटली घेतली.

आठवड्याने तिने अहवाल दिला : साधी सूज. दुसऱ्या दिवशी तो दारात हजर.

"भांडायला आलात?"

"छे! शिकायला. दाखवाल?"

शेजारी बसून तो काचेवरचा ठिपका न् ठिपका विचारत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "पण मग… हनुवटी का झोपली?"

तिला राग आला. आणि रागापाठोपाठ लाज. हा प्रश्न तिने स्वतःला विचारलाच नव्हता. मेणात बसवलेल्या त्याच तुकड्यातून तिने आणखी खोल काप काढायला लावले. तळाशी त्या दिसल्या – गोल, काळपट, हनुवटीला जाणीव देणाऱ्या नसेभोवती दाटीवाटीने बसलेल्या पेशी. लिम्फोमा! एरवी गळ्याच्या, काखेच्या गाठींतून सापडणारा कर्करोग, चक्क जबड्यात लपलेला. आणि त्याला पकडलं होतं एका माणसाने, मावशींचं बोलणं शब्दशः ऐकून. ती कितीतरी वेळ त्या रकान्यातल्या वळणदार अक्षराकडे बघत राहिली.

फोन तिनेच लावला. "मी चुकले होते," म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "उपचार…?"

"आहेत. चांगले आहेत. वेळेत पकडलंत तुम्ही."

त्याने सोडलेला श्वास तिला ऐकू आला. मग उगाचच घसा खाकरणं. "एक विचारू? कामाचं नाही…"

"विचार."

"डॉक्टर… काना राहिला. 'विचारा' म्हणायचं होतं ना?"

"नाही," ती म्हणाली. कान तापले होते, पण आवाज स्थिर होता. "या वेळी चूक नाही. मुद्दाम गाळलाय."